रिचार्ज डेटाचा की दिवसांचा?

प्रीपेड प्लॅन निवडताना नजर आधी जीबीवर जाते. दुकानदारही तेच विचारतो, "दीडचा मारू की दोनचा?" जाहिरातीत जीबीचा आकडा ठसठशीत असतो आणि दिवसांचा आकडा त्याच्या शेजारी अंग चोरून उभा असतो. आपण पैसे नेमके कशाचे मोजतो हे समजून घ्यायचं असेल, तर हा बारीक आकडा आधी वाचायला हवा.

एकाच कंपनीचे दोन प्लॅन शेजारी ठेवून पाहू. जुलै २०२४च्या दरवाढीत एअरटेलचा १,७९९ रुपयांचा वार्षिक प्लॅन १,९९९ रुपयांचा झाला. त्यात ३६५ दिवस, अमर्याद कॉल आणि वर्षभरात मिळून २४ जीबी डेटा. मग डिसेंबर २०२४मध्ये दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, डेटा नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा किमान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवावा असा नियम केला. त्यानंतर जानेवारीत एअरटेलचा १,८४९ रुपयांचा पॅक आला. दिवस तेवढेच, कॉल तेवढेच, डेटा शून्य. फरक फक्त १५० रुपयांचा. भागाकार केला तर नंबर चालू ठेवण्याचे आणि बोलण्याचे दिवसाला पाच रुपये सात पैसे पडतात, आणि डेटाचे एक्केचाळीस पैसे.

आता लोकप्रिय 'रोज दीड जीबी' घ्या. त्याच दरवाढीत जिओचा २८ दिवसांचा असा प्लॅन २९९ रुपयांचा झाला, म्हणजे दिवसाला दहा रुपये अडुसष्ट पैसे. तोच ८४ दिवसांसाठी ७९९ रुपयांना घेतला तर साडेनऊ रुपये. कंपन्या वेगळ्या असल्या तरी भाव एकमेकांच्या आसपासच असतात. त्यामुळे ढोबळ मानाने म्हणता येतं, की दीड जीबीवाल्याचाही निम्मा पैसा दिवसांसाठीच जातो. आकडे पुढच्या दरवाढीत बदलतील, भागाकाराची पद्धत तीच राहील. प्लॅनच्या किमतीला जीबीने भागू नका, दिवसांनी भागा.

ही व्यवस्था काही पहिल्यापासून नव्हती. २००३पासून आपल्याकडे इनकमिंग कॉल फुकट झाले आणि त्यानंतरची पंधरा वर्षं कित्येकांनी दहा-वीस रुपयांच्या बॅलन्सवर महिने काढले. मिस्ड कॉल द्यायचा, समोरच्याने फोन करायचा. कंपनीला अशा गिऱ्हाइकाकडून जवळपास काहीच मिळत नसे. सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आली, कॉल फुकट आणि डेटा पाण्याच्या भावाने झाला, जुन्या कंपन्यांचं कंबरडं मोडलं. मग २०१८च्या अखेरीस एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने किमान रिचार्ज आणला. ३५ रुपये भरा, नाहीतर २८ दिवसांनी सेवा थांबेल. तिथून इनकमिंगही व्हॅलिडिटीला बांधलं गेलं. एअरटेलकडे हा उंबरठा नोव्हेंबर २०२१मध्ये ९९ रुपयांवर होता आणि जुलै २०२४मध्ये २८ दिवसांसाठी १९९ झाला. डेटा स्वस्त झाल्याचं आपण कौतुकाने सांगतो आणि ते खरंही आहे. नंबर नुसता चालू ठेवणं मात्र त्याच काळात कित्येक पटींनी महागलं, त्याची चर्चा फारशी होत नाही.

स्वस्त फोन घेणाऱ्याला हा हिशोब जास्त लागू पडतो. आठ-दहा हजारांचा फोन घ्यायला माणूस चार दुकानं फिरतो, दोनशे रुपयांच्या सवलतीसाठी सणाची वाट पाहतो. त्याच फोनवर वर्षाला साडेतीन हजारांचा रिचार्ज होतो. तीन वर्षांत रिचार्जच फोनपेक्षा महाग पडतो आणि तो मात्र आपण दुकानदाराच्या एका प्रश्नावर उरकून टाकतो.

दिवसांच्या हिशोबातली जुनी गंमत म्हणजे २८ दिवसांचा महिना. वर्षाला असे तेरा महिने होतात. लोकांच्या तक्रारी वाढल्यावर ट्रायने जानेवारी २०२२मध्ये आदेश काढला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला नूतनीकरण होणारा, असे प्लॅनही ठेवायचे. ते आहेत, पण दुकानाच्या फलकावर शोधावे लागतात. जुलै २०२४च्या दरांनी जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ला आणि पूर्ण कॅलेंडर महिन्याचा ३१९ला. वीस रुपये जास्त वाटतात. पण २९९ तेरा वेळा भरले की ३,८८७ होतात आणि ३१९ बारा वेळा भरले की ३,८२८. शिवाय तारीख सरकत नाही. पगार एक तारखेला होत असेल तर रिचार्ज दोन तारखेला, वर्षभर.

एकदम पैसे भरता आले तर चित्र आणखी पालटतं. त्याच दरपत्रकात ३,५९९ रुपयांना ३६५ दिवस आणि रोज अडीच जीबी होतं. दर २८ दिवसांनी २९९ भरणारा वर्षाला त्यापेक्षा २८८ रुपये जास्त मोजतो आणि रोजचा एक जीबी कमी घेतो. ज्याच्या हातात रोज मजुरी येते, त्याला साडेतीन हजार एका दिवशी काढता येत नाहीत, म्हणून तो महाग प्लॅन घेतो. किराण्यातही हेच घडतं, पण तिथे निदान किलोचा भाव पाटीवर लिहिलेला असतो. मधली वाट ८४ दिवसांची. तीन महिन्यांनी एकदा सातआठशे रुपये बाजूला काढणं बऱ्याच घरांना जमण्यासारखं असतं. वर्षाच्या प्लॅनचा एक फायदा असा की मध्ये दरवाढ झाली तरी भरलेले दिवस जुन्याच भावात चालतात. तोटा असा की नेटवर्क बिघडलं तरी वर्ष संपेपर्यंत पाय अडकलेला राहतो. म्हणून नव्या सिमवर पहिल्याच दिवशी वर्षाचा रिचार्ज मारू नये, एखादा महिना रेंज बघून घ्यावी.

आता डेटाकडे. रोजच्या कोट्याची मेख अशी की तो मध्यरात्री पुसला जातो. खानावळीत जेवायला गेला नाहीत तर खाडा लागतो आणि महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा होतात, मोबाइलच्या प्लॅनमध्ये खाडा नाही. दीड जीबीच्या ८४ दिवसांत कागदावर १२६ जीबी मिळतात, हातात पडतात ते तुम्ही त्या त्या दिवशी वापरलेले. कोटा वाया जाऊ नये म्हणून रात्री साडेअकराला सिनेमा उतरवून ठेवणारी माणसं आहेत, आणि तो सिनेमा ती सहसा बघत नाहीत. व्होडाफोन आयडियाच्या 'हीरो' प्लॅनमध्ये सोमवार ते शुक्रवारचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो. आठवडाभर कारखान्यात आणि सुटीला फोनवर, असं ज्यांचं जगणं आहे त्यांच्यासाठी ही सोय खरोखरीची आहे. ज्यांचा वापर अनियमित आहे, त्यांनी रोजच्या कोट्याऐवजी महिन्याचा किंवा वर्षाचा एकत्रित डेटा देणारे प्लॅन पाहावेत.

किती डेटा लागतो हे अंदाजाने ठरवू नये, कारण अंदाज जवळजवळ नेहमीच चुकतो. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये महिन्याभरात किती मोबाइल डेटा गेला आणि कुठल्या ॲपने तो खाल्ला, हे सरळ लिहिलेलं असतं. ते बघितल्यावर बहुतेकांना कळतं, की मेसेज, पैसे पाठवणं, नकाशा, रेल्वेचं तिकीट यांचा खर्च किरकोळ आहे. यूपीआयने भाजीचे पैसे दिले तर काही केबी जातात. व्हॉट्सॲपवरचा आवाजी कॉल मिनिटाला एक एमबीसुद्धा घेत नाही. डेटा खातो तो व्हिडिओ, आणि त्याचं गणित सोपं आहे. सेकंदाला एक मेगाबिट वेगाने काहीही वाहत राहिलं तर तासाला ४५० एमबी होतात. यूट्यूबवरचं ४८० दर्जाचं चित्र साधारण या वेगात किंवा त्याहून कमी वेगात बसतं. ७२०ला त्याच्या दुप्पट-तिप्पट लागतो, १०८०ला आणखी पुष्कळ.

इथे स्वस्त फोनचा एक फायदा कामी येतो. या किमतीतल्या बहुतेक फोनचा पडदा ७२० बाय १६०० ठिपक्यांचा असतो. त्यावर १०८०चा व्हिडिओ लावला तर जादा डेटा जातो आणि डोळ्यांना त्यातलं काहीच मिळत नाही, कारण ते ठिपके दाखवायला पडद्यावर जागाच नाही. साडेसहा इंचांच्या पडद्यावर ४८० आणि ७२० यांतला फरकही क्रिकेटचा चेंडू शोधतानाच जाणवतो. पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा रोज चार तास व्याख्यानं ऐकतो. फळा आणि बोलणारा माणूस, चित्र फारसं हलत नाही, म्हणून असे व्हिडिओ चांगले दाबले जातात. ४८०वर ठेवले तर ते दीड जीबीत बसतात. हाच मुलगा रील्स बघायला लागला की गणित कोसळतं. रील्स एकामागून एक आधीच उतरवल्या जातात, न बघितलेल्याही. ॲपच्या आत डेटा सेव्हरचा पर्याय असतो, तो चालू करावा. व्हॉट्सॲपमधलं फोटो-व्हिडिओ आपोआप उतरवणं मोबाइल डेटावर बंद करावं. सकाळच्या शुभेच्छांची फुलं डेटा खातात ते खातातच, पण ६४ जीबीच्या फोनची जागाही तीच भरतात. ॲपचे अपडेट फक्त वायफायवर ठेवावेत. घरी वायफाय नसेल तर रेल्वे स्थानकाचं चालतं. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली ही सेवा आता देशभर आहे आणि दिवसाला पहिला अर्धा तास फुकट मिळते.

उलट बाजूही असते. ज्या घरात ब्रॉडबँड नाही, तिथे हा एक फोन म्हणजे अख्ख्या घराचं नेट. आईच्या फोनवरून हॉटस्पॉट घेऊन मुलीचा अभ्यास चालतो, संध्याकाळी वडील बातम्या बघतात. अशा घरात दीड जीबी दुपारीच संपतो आणि मग वीस-बावीस रुपयांचं एका दिवसाचं एक जीबीचं व्हाउचर मारलं जातं. महिन्यातून दोनदा मारलं तर हरकत नाही. आठवड्यातून दोनदा लागत असेल तर महिन्याला दीडशेच्या वर जातात, त्यापेक्षा पन्नास रुपये जास्त देऊन दोन जीबीचा प्लॅन केव्हाही बरा.

कोटा संपल्यावर काय होतं हेही प्लॅनच्या बारीक मजकुरात लिहिलेलं असतं. रोजच्या कोट्याच्या प्लॅनमध्ये नेट सहसा बंद पडत नाही, वेग सेकंदाला ६४ किलोबिटवर उतरतो. या वेगाने एक एमबी यायला दोन मिनिटं लागतात. मेसेज जातो, पैसेही धीर धरला तर जातात, फोटो नाही. एकत्रित डेटाच्या काही प्लॅनमध्ये मात्र वेग उतरत नाही, मुख्य बॅलन्समधून एमबीमागे ५० पैसे कापले जातात. बॅलन्स शून्य असेल तर नेट तिथेच थांबतं. भाजीच्या गाडीवर क्यूआर लावून बसलेल्या माणसाला पैसे आल्याचा मेसेज महत्त्वाचा, म्हणून त्याने हा मजकूर वाचूनच प्लॅन घ्यावा.

इतका हिशोब केला तरी रेंज नसेल तर सगळं मातीमोल, आणि रेंज ही गावाची नाही, घराची गोष्ट आहे. कमी फ्रीक्वेन्सीच्या लहरी लांब जातात आणि भिंती भेदतात, जास्त फ्रीक्वेन्सीच्या लहरी वेग देतात पण लवकर थकतात. जिओचं ४जी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर चालतं, एअरटेलकडे खालच्या बाजूला ९०० आहे. कोकणातल्या एखाद्या वाडीत दोन डोंगरांच्या मधे टॉवर कुणाचा, यावरच निवड संपते. ट्रायच्या २०२४च्या नियमांनुसार आता कंपन्यांना आपापल्या संकेतस्थळावर कुठे २जी, ४जी, ५जी पोचतं याचे नकाशे दाखवावे लागतात. ते बघावेत, पण शेजारच्याला विचारल्यावाचून ठरवू नये. नकाशा अंगणापर्यंतचं सांगतो, स्वयंपाकघरातलं शेजारीणच सांगेल.

बीएसएनएलचा मोह अनेकांना होतो, कारण तिथे दिवसाचा भाव बऱ्याचदा खासगी कंपन्यांपेक्षा कमी असतो. सप्टेंबर २०२५मध्ये तिच्या स्वदेशी तंत्रज्ञानाच्या ४जीचं उद्घाटन झालं आणि टॉवर वाढले. हे ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. जुन्या किंवा अगदी स्वस्त फोनमध्ये ७००चा बँड, म्हणजे यादीतला बँड २८, नसेल तर सिम चालेल पण गावाबाहेर रेंज तुटेल. फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर बँडची यादी असते, ती दुकानदाराला विचारण्यापेक्षा स्वतः बघणं चांगलं. दुकानदार "सगळं चालतं" म्हणतो.

५जीबाबत तर फारच सांभाळून. जुलै २०२४पासून जिओ आणि एअरटेलने अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनपुरतं ठेवलं. ४जी फोन असेल तर त्या प्लॅनमधला हा भाग तुमच्यासाठी कोरा कागद आहे. फोन ५जी असला तरी प्रश्न सुटत नाही. जिओचं ५जी स्वतःच्या पायावर उभं आहे, एअरटेलने ते ४जीच्या आधारावर उभं करत सुरुवात केली. तंत्राचे हे दोन वेगळे प्रकार आहेत आणि आपल्या कंपनीचा प्रकार फोनला यावा लागतो. नोव्हेंबर २०२४मध्ये साडेआठ हजारांच्या आसपास आलेल्या रेडमी ए४ ५जीला पहिलाच प्रकार येत होता, म्हणून तो बाजारात आला तेव्हा एअरटेलच्या सिमवर ४जीच दाखवायचा. फोन वाईट नव्हता, जोडी जुळत नव्हती. उलट फोन आणि सिम जुळलं आणि घरात ५जीची रेंज असेल, तर दोन जीबीचा प्लॅन घरच्या ब्रॉडबँडची जागा घेऊ शकतो. अशा वेळी पन्नास रुपये जास्त देणं शहाणपणाचं.

सोबत मिळणाऱ्या ओटीटीचं थोडक्यात. जे ॲप तुम्ही एरवी पैसे देऊन घेतलं असतं, त्याचंच मोल धरायचं, बाकीची सजावट.

गावाकडच्या आईवडिलांचा नंबर हा वेगळाच विषय. त्यांना डेटा नको, पण बँकेचा ओटीपी, गॅसचा मेसेज आणि मुलाचा फोन यायला हवा. कॉल आणि एसएमएसचे जे पॅक वर सांगितले ते यांच्यासाठीच आणि ट्रायने त्याच नियमात अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. दिवाळीला घरी गेलात की वर्षाचा रिचार्ज करून टाकावा. व्हॅलिडिटी संपली की आधी आउटगोइंग थांबतं, मग इनकमिंग. २०१३च्या नियमानुसार ९० दिवस काहीच वापर नसेल तरच प्रीपेड सिम बंद करता येतं. मुख्य बॅलन्समध्ये २० रुपये असतील तर ते कापून आणखी ३० दिवस मिळतात. हल्लीच्या पॅकमधले पैसे मुख्य बॅलन्समध्ये जमा होत नाहीत, म्हणून पन्नास रुपयांचा एक टॉपअप वेगळा करून ठेवणं फायद्याचं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्याला दिला जाऊ शकतो आणि बँकेच्या खात्याला तोच जोडलेला असेल तर पुढची धावपळ टाळता येत नाही. दुसरं सिम फोनमध्ये टाकून विसरलेल्यांनीही हे लक्षात ठेवावं.

कंपनी बदलायची असेल तर नंबर तोच ठेवून बदलता येतो, २०११पासून देशभर ही सोय आहे. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. 'पोर्ट' आणि पुढे आपला नंबर असा इंग्रजीतून एसएमएस १९००ला पाठवला की आठ अक्षरांचा कोड येतो. महाराष्ट्र-गोव्यात तो चार दिवस चालतो. त्या मुदतीत आधारकार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जायचं. एकाच सर्कलमध्ये बदल असेल तर कामकाजाचे तीन दिवस, सर्कल बदलत असेल तर पाच. मुंबई, नवी मुंबई आणि कल्याणपर्यंतचा भाग हे वेगळं सर्कल धरलं जातं आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह वेगळं. त्यामुळे साताऱ्याचा नंबर डोंबिवलीत पोर्ट करताना पाच दिवस धरावेत. जुन्या कंपनीतले उरलेले दिवस, डेटा आणि बॅलन्स नव्या कंपनीत येत नाहीत, म्हणून व्हॅलिडिटी संपायला आठवडा राहिला असताना एसएमएस पाठवावा.